रोज रात्री आठला फिशटँकचा कॅमेरा ऑफलाइन: घोडं पेंड खातंय कुठे?

रात्रीचे आठ वाजून सहा मिनिटं. ॲपमधलं चित्र गोठलं, मधोमध गोल चक्र फिरायला लागलं आणि खाली अक्षरं उमटली: ‘डिव्हाइस ऑफलाइन’. नऊ दिवसांच्या प्रवासातला हा पहिलाच दिवस. दिवसभरात पाच-सहा वेळा टाकी पाहून झाली होती, सगळं चोख होतं. रात्रभर मात्र काही दिसलं नाही. सकाळी नऊनंतर ॲप उघडते तर कॅमेरा हजर, मासे मजेत. वाटलं, इंटरनेट गेलं असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा आठ वाजून सहा मिनिटं, पुन्हा ऑफलाइन. तिसऱ्या रात्रीही तेच.

या तीन रात्रींत मी काय काय केलं ते आधी सांगून टाकते, कारण बहुतेक जण हेच करतात. ॲप काढून परत टाकलं. पासवर्ड बदलला. इंटरनेटवाल्यांकडे तक्रार केली, त्यांनी लाइन तपासून ठीक असल्याचं कळवलं, आणि ती खरंच ठीक होती. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली होती, त्यांना रात्री साडेआठला राउटर बंद-चालू करायला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उलगडा झाला तो काकूंच्याच बोलण्यातून. चौथ्या रात्री टाकीजवळ उभ्या राहून त्या फोनवर म्हणाल्या, “अगं, हा बंद कुठे आहे? दर मिनिटाला टक्क करतोय. पुढे लाल ठिपके लागतात आणि लगेच विझतात. हे बघ, परत टक्क.”

टाकीचा दिवा टायमरवर आहे. रात्री आठला बंद, सकाळी नऊला चालू. टायमर तबकडीवाला, वीज गेली की तोही थांबतो, त्यामुळे त्याचं घड्याळ तेव्हा बरोबर सहा मिनिटं मागे होतं. म्हणजे कॅमेरा ‘रोज रात्री’ जात नव्हता, तो दिवा विझल्यावर जात होता.

टक्क आवाजाचं गणित

कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) अडवणारी छोटी काचपट्टी असते. उजेडात ती जागेवर असते, म्हणून रंग खरे दिसतात. अंधार पडला की कॅमेरा ती बाजूला सरकवतो (टक्क आवाज त्याचाच) आणि स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी लावतो. ते ८५० नॅनोमीटरचे असले तर आपल्याला अंधुक लाल ठिपके दिसतात. हे एलईडी लागले की कॅमेऱ्याला लागणारा करंट एकदम वाढतो. माझा कॅमेरा दिवसा साधारण ०.३५ अँपिअर घेतो, रात्री ०.८ च्या आसपास.

आता केबल. अॅडॉप्टर टाकीपासून लांब होता म्हणून मी तीन मीटरची, दिसायला छान आणि बारीक अशी यूएसबी केबल लावली होती. अशा केबलींमध्ये विजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) असतात. त्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे सहा मीटर तार, म्हणजे जवळपास १.३ ओहम. दिवसा ०.३५ अँपिअरला अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही, पाच व्होल्टमधून कॅमेऱ्यापर्यंत साडेचार पोचतात आणि त्याचं भागतं. रात्री ०.८ अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वाटेतच गळतो आणि कॅमेऱ्याला चारसुद्धा मिळत नाहीत. तो कोसळतो. एलईडी विझतात, करंट उतरतो, व्होल्टेज परत वर येतं, कॅमेरा सुरू होतो, अंधार पाहतो, एलईडी लावतो, पुन्हा कोसळतो. रात्रभर हेच. सकाळी दिवा लागला की शहाण्यासारखा चालू.

हे सगळं मला दूरवर बसून तपासायचं होतं, आणि त्याची युक्ती सोपी निघाली. सकाळी कॅमेरा ऑनलाइन आल्या आल्या ॲपमध्ये जाऊन नाइट व्हिजन ‘ऑटो’वरून ‘बंद’ केलं. त्या रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी चित्र काळंभोर झालं, पण कॅमेरा ऑनलाइन राहिला. निदान पक्कं. तुमचाही कॅमेरा अंधार पडला की जात असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी हा एक प्रयोग करा. फुकट आहे आणि कोणाला रात्री उठवावं लागत नाही.

घरी आल्यावर खरी दुरुस्ती केली. यूएसबी केबल लांबवण्याऐवजी घरगुती विजेचं एक्स्टेन्शन टाकीजवळ आणलं आणि अॅडॉप्टरपासून कॅमेऱ्यापर्यंत एक मीटरची जाड केबल ठेवली. अॅडॉप्टरही एक अँपिअरचा काढून दोनचा लावला, पण खरा फरक केबलने पडला. नुसता अॅडॉप्टर बदलून पाहिला होता, टक्क टक्क चालूच. एक्स्टेन्शन टाकीच्या खाली ठेवू नका. बाजूला, उंचावर ठेवा आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खालच्या पातळीपर्यंत लोंबू देऊन मग वर सॉकेटमध्ये घाला. टाकीतून वायरवर ओघळलेलं पाणी त्या झोळात थेंबथेंब गळून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही. हीटर आणि फिल्टरच्या वायरींनाही हेच लागू.

तुमचा कॅमेरा कधी जातो?

माझी केस एक झाली. ‘ऑफलाइन’ हा शब्द ॲप सगळ्या रोगांना वापरतं, म्हणून आधी वेळ लिहून काढा. कागदावर चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा रोग समोर येतो.

दिवा विझल्यावर जात असेल तर वर लिहिलंच आहे. दिवा लागल्यावर किंवा हीटर चालू होताना जात असेल तर सगळी उपकरणं एकाच सैल एक्स्टेन्शनवर आहेत का पाहा. दर चोवीस तासांनी ठरावीक वेळेला जात असेल, आणि त्या वेळेला टाकीत काहीच घडत नसेल, तर राउटर कॅमेऱ्याला देतो त्या आयपी पत्त्याची मुदत संपत असेल. ती राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर दिसते. कॅमेऱ्यासाठी तिथेच एक पत्ता राखून ठेवला, की दोन उपकरणं एकाच पत्त्यावर भांडण्याचा प्रश्नही मिटतो.

वेळेचा काहीच मेळ नसेल, कधीही येतो कधीही जातो, तर वायफायचा सिग्नल कमजोर आहे. इथे फिशटँकवाल्यांची एक खास अडचण आहे. बरेच घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाणी या लहरी चांगल्याच गिळतं. राउटर आणि कॅमेरा यांच्या मधोमध तीन फुटांची भरलेली टाकी असेल, तर ती भिंतीहून वाईट. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये किंवा राउटरमध्ये सिग्नलचा आकडा पाहा. उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा, उणे ८० च्या पलीकडे गेला असेल तर आज ना उद्या कॅमेरा जाणारच. माझ्या मैत्रिणीने कॅमेरा टाकीच्या मागून काढून पुढे ठेवला, बाकी काही नाही, आणि तिचा त्रास तिथेच संपला. राउटरचं चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं एक ठरवून द्या. राउटरमध्ये सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) वर असेल तर जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ चालू ठेवा.

वीज गेली आणि आली, कॅमेरा आलाच नाही

ही दुसरी मोठी तक्रार. वीज आल्यावर कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला आणि त्याच्या मागच्या मोडेमला दोन-चार मिनिटं लागतात. काही कॅमेरे तेवढ्या वेळात वायफाय शोधून दमतात आणि गप्प बसतात. पुन्हा वीज जाईपर्यंत ते तसेच.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे राउटर आणि मोडेमला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. राउटर पडलाच नाही तर कॅमेऱ्याला ताटकळावं लागत नाही. दुसरा उपाय, कॅमेऱ्याच्या प्लगवर साधा टायमर, पहाटे चारला पंधरा मिनिटं बंद. म्हणजे कॅमेरा अडकला तरी जास्तीत जास्त एक दिवस आंधळा राहतो.

स्मार्ट प्लगचा मोह इथेच होतो, आणि होऊ द्यायला हरकत नाही, फक्त राउटरला स्मार्ट प्लग लावून तो ॲपमधून बंद करू नका. बंद होईल. चालू कसा करणार? चालू करण्याची आज्ञा पोचवणारा राउटर तुम्ही स्वतःच झोपवलेला असतो. हसू नका, मी केलं आहे. फिल्टर किंवा हीटर स्मार्ट प्लगवर असेल तर वीज परत आल्यावर प्लगने कोणत्या अवस्थेत यायचं ही सेटिंग उघडून पाहा. काही प्लग ‘बंद’ अवस्थेत येतात. ते माशांच्या जिवावर बेतू शकतं.

घरात दिसतो, बाहेरून दिसत नाही

घरी बसून कॅमेरा तपासताना फोन त्याच वायफायवर असतो, म्हणून चाचणी पास होते आणि बाहेर पडल्यावर नापास. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा, तीच खरी चाचणी.

कंपनीच्या ॲपवर चालणारा कॅमेरा बाहेर स्वतःहून सर्व्हरशी संपर्क साधतो, त्यामुळे सहसा अडत नाही. अडतं ते ज्यांनी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून थेट पाहायचा बेत केला आहे त्यांचं. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही.

आणि पोचत असला तरी पोर्ट उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. मासे पाहायला उघडलेल्या खिडकीतून कोण आत येईल सांगता येत नाही. थेट पाहायचंच असेल तर घरातल्या एखाद्या कायम चालू असलेल्या यंत्रावर वायरगार्ड किंवा टेलस्केल टाका, म्हणजे फोन आणि घर यांच्यात खाजगी, बंदिस्त वाट बनवणारं सॉफ्टवेअर. त्यातलं टेलस्केल सामायिक पत्त्याच्या अडचणीतूनही वाट काढतं.

हॉटेलच्या वायफायवर चित्र येत नसेल आणि मोबाइल डेटावर येत असेल तर घरच्या कॅमेऱ्याला हात लावू नका. हॉटेलचं नेटवर्क व्हिडिओची वाट अडवतं, कधी आधी ब्राउझर उघडून लॉगिन करावं लागतं. मात्र डेटा जपून वापरा. फुल एचडी चित्र सेकंदाला दोन मेगाबिट धरलं तरी तासाला ९०० एमबी जातात. ॲपमध्ये ‘एसडी’ निवडा, मासा जिवंत आहे की नाही हे त्यातही कळतं.

काचेवरचा पांढरा गोळा

केबल बदलल्यावर माझा कॅमेरा रात्रभर चालू राहू लागला आणि नवंच दुःख उभं राहिलं. चित्रात टाकी नाही, फक्त पांढराशुभ्र गोळा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतात. शिवाय पाणी इन्फ्रारेड शोषतं, ८५० पेक्षा ९४० नॅनोमीटर आणखी जास्त, त्यामुळे मागच्या काचेपर्यंत फारसं काही पोचत नाही.

इन्फ्रारेड बंदच ठेवा. खोलीत टाकीच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या मागे नव्हे, अगदी मंद दिवा ठेवला की आजकालच्या कॅमेऱ्यांना पुरतो. टाकीचा मुख्य दिवा रात्रभर चालू ठेवण्याची कल्पना टाळा, माशांना अंधार लागतो आणि शेवाळाला नाही. दिवसा काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर कॅमेऱ्याभोवती काळ्या कापडाची नळी करून ती काचेला भिडवा. कॅमेरा किती जवळ चालतो ते मात्र आधी पाहा. ठरावीक फोकसच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना फार जवळचं धूसर दिसतं. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर तो एलईडी दिव्याचा लुकलुकाट आहे. सेटिंगमध्ये तुमच्या भागातल्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ निवडून पाहा.

हे चित्र आत्ताचं आहे का?

ऑफलाइन कॅमेऱ्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती गोठलेल्या चित्राची. ॲप उघडल्यावर क्षणभर जे दिसतं ते बऱ्याचदा मागच्या वेळचं साठवलेलं चित्र असतं, आणि तरंगणारा एंजल मासा तसाही हलत नाही. मी टाकीशेजारी सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलं आहे, चौकटीच्या कोपऱ्यात येईल असं. काटा हलतोय, म्हणजे आत्ताचं. वेगळ्या टाइम झोनमध्ये गेलात तर त्याचा आणखी एक फायदा. भर दुपारी ॲप उघडून टाकी अंधारलेली दिसली की धस्स होतं, आणि मग घड्याळाकडे लक्ष जातं: घरी पहाटेचे साडेतीन वाजलेत.

त्याच चौकटीत आणखी तीन गोष्टी आणा. थर्मामीटर, आकडे कॅमेऱ्याकडे करून. काचेवर पाण्याच्या पातळीची पट्टी, कारण बाष्पीभवनाने पाणी उतरून हीटर उघडा पडला की तो तडकू शकतो. आणि फिल्टरच्या तोंडाशी रंगीत दोरा. दोरा फडफडत असेल तर फिल्टर चालू. हा दोरा मला कॅमेऱ्यावर खर्च केलेल्या सगळ्या वेळापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

‘हालचाल आढळली’ या सूचना मात्र बंद करा. मासे हलणारच, बुडबुडेही. दर मिनिटाला फोन वाजतो, मेमरी कार्ड भरतं आणि दोन दिवसांत तुम्ही सूचना वाचणंच सोडून देता. कार्डवर सलग रेकॉर्डिंग ठेवा, जुनं पुसून नवं लिहिलं जाईल असं.

निघण्याच्या दोन दिवस आधी

फोनचं वायफाय बंद करा आणि घराचा मुख्य स्विच पाडा. दहा मिनिटं थांबा. स्विच वर करा आणि कशालाही हात न लावता मोबाइल डेटावरून पाहत बसा. ही तालीम अंधार पडल्यावर करा, म्हणजे नाइट व्हिजन चालू ठेवलं असेल तर त्याचा करंटही तपासला जातो.

मागच्या खेपेला माझा कॅमेरा चार मिनिटांत परत आला. मी खूश. मग दोऱ्याकडे लक्ष गेलं. तो सरळ खाली लोंबत होता. टाकीच्या कडेला अडकवलेल्या फिल्टरमधलं पाणी वीज गेल्यावर नळीतून उतरून गेलं होतं, टाकीची पातळी दोन बोटं कमी होती, आणि मोटर कोरडीच घरघरत होती. पाणी पट्टीपर्यंत भरलं, पुन्हा स्विच पाडला, पुन्हा दहा मिनिटं. या वेळी दोरा फडफडला. मग कोणती वायर कशाची याच्या चिठ्ठ्या प्लगवर चिकटवल्या आणि किल्ली काकूंकडे दिली. “टक्क झालं तर सांगू ना?” त्यांनी विचारलं. म्हटलं, या वेळी टक्क नको, दोरा थांबला तर सांगा.